रीडर जोडला, तरी सॉफ्टवेअरशी जुळत नाही
नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगण्याच्या कारखान्यांत बोटाचा ठसा ओळखणारा बायोमेट्रिक रीडर एका कंपनीचा, दार उघडायचं की नाही ठरवणारा कंट्रोलर दुसरीचा, हे नेहमीचंच. मध्ये २६ बिटचं वायगँड, म्हणजे रीडरने कंट्रोलरला नंबर पाठवायची ठरलेली पद्धत. त्यात नंबरला फक्त १६ बिट, म्हणजे ६५५३५ च्या वर जागाच नाही. कर्मचारी कोड ७०००१ असला की काही रीडर वरचा बिट कापून ४४६५ पाठवतात. दार उघडतं, पण ४४६५ वाल्याच्या नावावर! कोड लहान ठेवा, नाहीतर दोन्हीकडे नंबरला १६ पेक्षा जास्त बिट देणारं ३४ बिट लावा.

खरं दुखणं पुढे आहे. वायगँड एकतर्फी, रीडर नंबर पाठवतो, कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये काय बदललं ते त्याला कळत नाही. ठशाचं टेम्प्लेट, म्हणजे रीडरमध्ये साठवलेली ठशाची नोंद, तीही बहुतेक ज्या त्या कंपनीच्या साच्यातलं, त्यामुळे नोंदणी वेगळी करावी लागते. माणूस नोकरी सोडून गेला, सॉफ्टवेअरमधून नाव काढलं, तरी ठसा रीडरमध्ये तसाच. तोच नंबर नव्या माणसाला दिलात, की जुन्याच्या बोटानेही दार उघडणार. म्हणून नंबर पुन्हा वापरू नका, आणि ठसा रीडरमधून हाताने काढा.

मे महिन्यात बोटं कोरडी पडून ठसा नीट उमटत नाही आणि शिव्या सॉफ्टवेअरला बसतात. दोन्ही हातांचं एकेक बोट नोंदवा, रीडर पश्चिमेच्या उन्हात नको. कुलपाची वायर मात्र आतल्या कंट्रोलरवरच घ्या. रीडरमधल्या रिलेवर, म्हणजे कुलूप चालवणाऱ्या स्विचवर असली, तर रीडर उखडून दोन तारा जोडल्या की दार मोकळं.