कितव्या आलात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शर्यत रविवारी सकाळी असते आणि हा प्रश्न सोमवारी सकाळी येतो. "फोटो पाहिला, मेडल दिसलं! कितव्या आलात?" दहा किलोमीटर पुरे करणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात ते मेडल पडतं, हे विचारणाऱ्याला माहीत नसतं. मी आकडा लपवत नाही. मागच्या वेळी ६१२ जणांत ५९८वी. मग क्षणभर शांतता. आणि जरा हळू आवाजात पुढचा प्रश्न: "मग स्पर्धेत कशाला जाता? धावायचंच तर रोज धावताच की."

या दुसऱ्या प्रश्नाला मी कितीतरी वर्षं थापा मारल्या. "मजा येते हो." "भाग घेणं महत्त्वाचं." सातव्या किलोमीटरला कुणालाही मजा येत नाही. आणि नुसता भागच घ्यायचा असता तर आदल्या दिवशी बिब (छातीवर लावायचा क्रमांक) आणि टी-शर्ट घेऊन मी घरी झोपले असते.

खरं सांगायचं तर मीही शर्यतच लावते. पुढच्यांशी नाही, मागून येणाऱ्या गाडीशी.

पुढच्यांशी लावून उपयोगही नाही. जाऊन-येऊन मार्ग असला की माझा तिसरा किलोमीटर चालू असताना पहिला गडी समोरून परत येताना दिसतो. त्याचा आठवा चालू असतो. पावलांचा आवाज जवळजवळ नाहीच, नुसता श्वास ऐकू येतो. तो ३४ मिनिटांत मोकळा होणार, मला दीड तास लागणार. आम्ही दोघं एकाच रस्त्यावर आहोत एवढंच काय ते साम्य.

मागची गाडी मात्र माझ्या मापाची आहे. कट-ऑफ, म्हणजे पोचायची शेवटची मुदत, असतो १ तास ४० मिनिटांचा, म्हणजे किलोमीटरला दहा मिनिटं. त्या वेगाने शेवटच्या माणसामागून स्वीपर गाडी येते, बहुतेकदा रुग्णवाहिकाच. ती पुढे गेली की रस्ता वाहनांना खुला. माझा पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळ, बऱ्या दिवशी नऊ मिनिटांचा. एका मिनिटाची सवलत भरपूर वाटते ना? ती कुठे कुठे झिरपते बघा. आम्ही हळू लोक सुरुवातीला सगळ्यात मागे उभे राहतो. शिट्टी वाजल्यापासून माझा पाय रेषेवर पडेपर्यंत चार मिनिटं गेलेली असतात. बिबमागच्या चिपची नोंद रेषेवरच्या मॅटवर पाय पडला की होते, त्यामुळे प्रमाणपत्रावर ती चार मिनिटं धरली जात नाहीत, पण रस्ता खुला करणाऱ्यांचं घड्याळ शिट्टीपासूनच चालतं. मग नाडी सुटते. मग एक चढ येतो, जो नकाशात नव्हता. ज्यांना मागच्यांची धाव म्हणजे सहल वाटते, त्यांनी एकदा आठव्या किलोमीटरला हे गणित मनात करत धावून बघावं.

म्हणून मी सलग धावत नाही. चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल, पहिल्या मिनिटापासून. ही धाव-चालीची रीत जेफ गॅलोवे या अमेरिकन धावपटूने लोकप्रिय केली. हा माणूस १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेला, तेव्हा ही काही आळशांची पळवाट नाही. यातली मेख एवढीच की दमल्यावर चालायचं नाही, दमण्याच्या आधी चालायचं. दुसऱ्याच किलोमीटरला चालायला लागलं की कडेचे लोक ओरडतात, "चला चला, थांबू नका!" त्यांचा उत्साह खरा असतो, पण माझं वेळापत्रकही खरं असतं. सुरुवातीला उधळलेली पोरं आठव्या किलोमीटरला कमरेवर हात ठेवून उभी दिसतात आणि मी चार-एकच्या तालात त्यांच्या बाजूने पुढे जाते. तेव्हा माझ्या मनात जे येतं ते खिलाडूवृत्तीत बसत नाही.

पाण्याची मात्र मला अक्कल यायला वेळ लागला. पहिल्या शर्यतीत प्रत्येक टेबलावर मी भिडेखातर पाणी प्यायले. पोरं हात लांब करून कप धरतात, नाही कसं म्हणायचं? सहाव्या किलोमीटरपासून पोटात डबडब आवाज यायला लागला. नंतर कळलं की हळू धावणाऱ्याला कमी पाण्याइतकाच जास्त पाण्याचाही धोका असतो. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांत सोडियम, म्हणजे जास्त पाण्याने पातळ होणारं रक्तातलं मीठ, कमी झालेलं निघालं. त्यात धावताना वजन वाढलेले आणि चार तासांहून जास्त वेळ घेणारे जास्त होते. कारण उघड आहे. आमच्याकडे प्यायला वेळ असतो. आता मी तहान लागली तरच कप घेते, नाहीतर हात जोडून पुढे. अर्थात शेवटच्या टेबलांवर हा प्रश्न फारसा येत नाही. तिथे मी पोचते तेव्हा टेबलांचे पाय दुमडलेले असतात आणि रस्ताभर चिरडलेल्या कपांचा निसरडा थर. त्यावरून पाय जपत जायचं, हे पुढच्यांना कधी करावं लागत नाही.

एकदा मी शर्यत सोडलीही आहे. घोटा दुखावला, आणि लाज वाटली म्हणून कुणाला न सांगता गल्लीतून सरळ घरी गेले. बिबच्या मागे घरचा नंबर लिहिलेला असतो. दुपारी आयोजकांचा फोन नवऱ्याला: "मॅडम कुठे आहेत? शेवटच्या मॅटवर त्यांची नोंद नाही." मॅडम शेजारीच, पायावर बर्फ धरून. माझ्यासाठी चार माणसं रस्ताभर शोधत फिरली होती. यात माझ्यापेक्षा थोर एकच माणूस मला माहीत आहे, जपानचे शिझो कानाकुरी. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकची मॅरेथॉन त्यांनी उन्हाच्या तडाख्यात वाटेतच सोडली आणि कुणाला न कळवता ते मायदेशी परतले. स्वीडनच्या दफ्तरी ते बेपत्ताच. १९६७ साली त्यांना बोलावून उरलेली शर्यत पुरी करायला लावली. वेळ नोंदली गेली ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं आणि वर वीस सेकंद. तेव्हा सोडायची तर खुशाल सोडा, पण मार्शलला, म्हणजे रस्त्यावरच्या आयोजकांच्या माणसाला, बिब दाखवून सोडा.

इंग्लंडमध्ये २००४ साली सुरू झालेल्या पार्करनमध्ये, म्हणजे दर शनिवारच्या पाच किलोमीटरमध्ये, एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालतो. शेवट त्याचा, त्यामुळे बाकी कुणी शेवटचं येतच नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही लहान मुलांना खेळात हरू देत नाहीत तशी समजूत वाटली. शेवटचं आलं तर आलं, त्यात काय झाकायचं?

मग दोन वर्षांपूर्वी मी खरोखर शेवटची आले.

सातव्यापासूनच मागे इंजिनाची घरघर होती. वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी खिडकीतून आवाज आलाच. "ताई, बसता का?"

"नको."

पाचशे मीटरवर पुन्हा. "अजून बसू शकता बरं का."

"नको म्हटलं ना दादा."

थोडा वेळ तो गप्प राहिला. मग अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, "मग जरा तरी पळा हो. पहिल्या गिअरमध्ये क्लचची वाट लागलीय."

खरंच जळका वास येत होता. इतक्या वर्षांत मला पळायला एवढं सबळ कारण कुणी दिलं नव्हतं. त्या दिवशी चार-एकचं वेळापत्रक गुंडाळलं आणि शेवटचा किलोमीटर मी न चालता काढला, मागे घरघर, पुढे एकेक करून रस्त्यातून उचलले जाणारे वाहतुकीचे कोन. शेवटच्या रेषेवरच्या फुगवलेल्या कमानीतली हवा सोडली होती, ती रस्त्याच्या कडेला पसरून पडली होती. घड्याळ १:४१ दाखवत होतं. चिपची मॅट तेवढी अजून जमिनीवर होती. तिच्याशेजारी एक मुलगा उकिडवा बसून वायर गुंडाळत होता. मी मॅटवर पाय ठेवला, टुंग आवाज झाला. त्याने मान वर केली.

"तुम्हीच शेवटच्या ना? मग उचलतो."

मला धाप लागली होती, बोलता येईना. मागून खिडकीतून डोकं काढून ड्रायव्हर ओरडला, "ओ, शेवटचा मी आहे. त्यांचं आधी लिहा."