दाराखालचा कोनमापक

२०१५ साली राज्य शासनाचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा शाळांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला, त्यानंतर आम्ही काही शिक्षक साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या गटातल्या, शाळा बघून आलो. मुलं फरशीवर गटागटानं मणी-काड्या मोजत होती, बाई त्यांच्यातच मांडी घालून बसलेल्या. परत आल्यावर सगळ्यात आधी आमच्या वर्गातली बाकं व्हरांड्यात काढली.

भिंतीच्या खालच्या अंगाला, पहिलीतल्या पोराचा हात बसल्याबसल्या पोचेल अशा उंचीवर, काळ्या रंगाचा पट्टा ओढला. प्रत्येकाला आपापला फळा. मला विचाराल तर सगळ्या कामात हेच सर्वांत मोलाचं. जो कधी उठून फळ्यापाशी यायचा नाही, तो आता कोपऱ्यात बसून पट्टाभर लिहितो.

दार उघडतं तिथं फरशीवर ऑइलपेंटनं कोनमापक काढलाय. चौथीतली एक मुलगी दार हळूहळू ढकलत ओरडली, “सर, नव्वदवर थांबवलं!” बिजागरी कुरकुरत होती, तिला तेलही तिनंच घातलं.

रंग मात्र दोन पावसाळ्यांत उडतो. ओल छतातून नाही, जोत्यातून चढते. म्हणून यंदा आधी भिंतीलगतची गटार खोल करून घेतोय, रंगाचे डबे त्यानंतरच उघडायचे.