बॅकअप घेतलाय हो, पण रिस्टोर कुठं मारलाय?

सप्टेंबर लागला की आमच्या सीएच्या ऑफिसात पेन ड्राइव्हचा पाऊस पडतो. टॅक्स ऑडिटची ३० तारीख जवळ आली, मुदतवाढ मिळाली तर मिळाली, की वर्षभर फोन न उचलणाऱ्या पार्ट्या, म्हणजे आमचे क्लायंट, स्वतःहून डेटा पाठवतात, कोणी व्हॉट्सॲपवर टाकतं, कोणाचा पोरगा गाडीवर येऊन पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवतो आणि "पप्पांनी बॅकअप दिलाय" म्हणून पळतो. उघडून बघावं तर कधीकधी आत नुसता डेस्कटॉपवरचा टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, शॉर्टकट कॉपी केलेला असतो, पण तो विषय वेगळा.

बॅकअप घेण्यात काही अवघड नाही. टॅली प्राइममध्ये ऑल्ट वाय दाबलं की बॅकअप आणि रिस्टोर (घेतलेला बॅकअप परत टॅलीत चढवणं) दोन्ही तिथंच, जुन्या ईआरपी नाइनमध्ये ऑल्ट एफ थ्री. खरी वाट लागते ती रिस्टोरला, आणि ती सुद्धा आमच्यासारख्या ठिकाणी, जिथं एकाच मशीनवर शंभर पार्ट्यांचा डेटा असतो.

झालंय काय, टॅली प्रत्येक कंपनीला, म्हणजे एकेका पार्टीच्या हिशोबाला, एक नंबर देतं आणि डेटामध्ये त्याच नंबरचा फोल्डर बनतो. ईआरपी नाइनवर पहिली कंपनी उघडली की बहुतेक ठिकाणी १००००. म्हणजे किराणावाल्याची १००००, हार्डवेअरवाल्याची १००००, डॉक्टरांची पण १००००. आता हे सगळे आपण एकाच डेटा फोल्डरमध्ये रिस्टोर करायला गेलो की टॅली विचारतं, ह्या नंबरची कंपनी इथं आधीच आहे, ओव्हरराइट करू का, आणि घाईतला माणूस न वाचता वाय दाबतो. किराणावाला आला, हार्डवेअरवाला गेला. डिलीट केलेलं नाही म्हणून रिसायकल बिनमध्ये पण सापडत नाही. वर बॅकअपच्या फाइलचं नाव पण ईआरपी नाइनमध्ये सगळीकडे तेच, टीबीके९००.००१, त्यामुळे दोन पार्ट्यांच्या फाइली एका फोल्डरमध्ये कॉपी केल्या तरी एक उडतेच. आणि नाव बदलायची हौस करू नका, मग रिस्टोरला ती फाइल दिसत नाही.

म्हणून आमच्याकडे डी ड्राइव्हवर पार्टीच्या नावाचा फोल्डर, त्यात वर्ष, त्यात "आलेला" आणि "चालू" असे दोन. पार्टीने दिलेली फाइल "आलेला" मध्ये पडते आणि तिला कोणी हात लावायचा नाही, रिस्टोर मारायचा तो "चालू" मध्ये. नवीन आर्टिकल, म्हणजे सीए शिकणारा पोरगा, आला की त्याला एन्ट्री मारायच्या आधी हे शिकवतो. रिस्टोर झाल्यावर कंपनी उघडली म्हणजे झालं असं नाही, ट्रायल बॅलन्सची बेरीज आणि शेवटच्या व्हाउचरची तारीख पार्टीला फोन करून जुळवायची. फेब्रुवारीचा बॅकअप मार्चअखेर म्हणून देणारे लोक आहेत. पार्टी टॅलीच्या वरच्या रिलीजवर (नव्या आवृत्तीवर) आणि आपण खालच्या, तर डेटा उघडतच नाही, तिथं आपलं टॅली अपडेट करण्याशिवाय इलाज नाही.

परत देतानाचा घोळ याहून मोठा. मार्केट यार्डातल्या एका आडत्याचा डेटा आमच्याकडे होता, ऑडिटच्या एन्ट्र्या मारल्या, डेप्रिसिएशन, प्रोव्हिजन वगैरे, आणि आमच्याकडच्या एका मुलाने प्रेमाने बॅकअप करून पेन ड्राइव्ह परत दिला. तिकडे त्यांच्या मुनीमजींनी तो सरळ चालू डेटावर रिस्टोर केला. मधल्या काळात दुकानात जी बिलं फाडली होती ती सगळी साफ. संध्याकाळी शेठचा फोन, "अहो मॅडम, आमचा ऑक्टोबर कुठं गेला?" ऑक्टोबर नशिबाने कार्बन कॉपीच्या बिलबुकात होता. बसून परत मारला त्यांनी, दिवाळीच्या तोंडावर. तेव्हापासून आम्ही पार्टीला बॅकअप परत देत नाही, जर्नल एन्ट्र्यांची प्रिंट देतो, तुमच्याकडे मारून घ्या म्हणतो, फारच जास्त असतील तर टॅलीतून त्या एन्ट्र्यांची एक्सएमएल फाइल काढून त्यांच्याकडे इम्पोर्ट करून देतो.

आता आमचा स्वतःचा बॅकअप. गूगल ड्राइव्हला फोल्डर सिंक आहे म्हणून निवांत झोपणारे सीए मी पाहिलेत. सिंक म्हणजे इथं फाइल बिघडली की तिथं पण बिघडलेलीच जाते. एक्स्टर्नल हार्ड डिस्क कायम सीपीयूला लटकवून ठेवणं पण तसंच, २०१७ च्या मे मध्ये वॉनाक्रायने लावलेल्या डिस्कवरच्या फाइली पण लॉक केल्या होत्या की. आमच्या दोन डिस्क आहेत, एक कपाटात आणि एक सरांच्या घरी, शनिवारी अदलाबदल, आणि कॉपी करताना सगळ्यांचं टॅली बंद, नाहीतर अर्धवट डेटा जातो. प्रायव्हेट लिमिटेड पार्ट्यांचं तर ऑगस्ट २०२२ पासून नियमातच आहे, हिशोबाचा बॅकअप रोजच्या रोज आणि भारतातल्या सर्व्हरवर. ऐकून माना डोलावतात सगळे.

फॉरमॅट मारायला माणूस आला की तो डी ड्राइव्ह वाचवतो आणि सी उडवतो, आणि सी वर नेमका श्रीलिपीचा, म्हणजे जुन्या मराठी टायपिंगचा, फॉन्ट असतो. मग सोसायट्यांचे जुने मराठी ऑडिट रिपोर्ट उघडले की पानभर नुसती चिन्हं. फॉन्टचा फोल्डर पण कॉपी करा. टीडीएसच्या फाइली कॉपी करायच्या राहिल्या तर ट्रेसेसवरून, म्हणजे टीडीएसच्या सरकारी पोर्टलवरून, भरलेल्या रिटर्नची कॉन्सो फाइल मागवता येते, त्याचं एवढं टेन्शन नाही. डिजिटल सिग्नेचरचा बॅकअप होत नाही, ती ज्यात असते ते यूएसबी टोकन हरवलं की नवीनच काढा.

टॅली व्हॉल्ट, म्हणजे कंपनीच्या डेटाला पासवर्डचं कुलूप, लावलेल्या पार्टीला मात्र पासवर्ड विचारल्याशिवाय दारातून जाऊ देऊ नका. तो विसरला तर बॅकअप कितीही चांगला असो, कंपनी उघडत नाही. बऱ्याचदा पासवर्ड मालकाला माहीतच नसतो, तो सोडून गेलेल्या अकाउंटंटला माहीत असतो, आणि त्या अकाउंटंटचा दोन महिन्यांचा पगार अडकलेला असतो.