उपवासाचं पुस्तक आणि आमचा पाऊस

२ डिसेंबर २०२१. पहाटेच भावाचा फोन. "अक्का, मणी तडकायला लागलेत."

माझं माहेर सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी जत तालुक्यातलं. भावाची दोन एकर द्राक्षबाग आहे, शेततळ्यावर जगवलेली. ऑगस्टअखेर छाटणी घेतली होती, त्यामुळे मण्यांत पाणी उतरलं होतं आणि नेमका तेव्हा रात्रभर पाऊस झाला. मुळाशी एकदम ओल मिळाली की मणी फुगतो आणि साल उभी फाटते. त्यानं तळहातावर एक घड धरून फोटो पाठवला. दर दोन-तीन मण्यांआड एक चीर, चिरेतून रस आलेला. दोन दिवसांत तिथं कूज धरणार हे दोघांनाही माहीत होतं. त्याच पावसानं बांधापलीकडचा शाळू मात्र तरारला होता.

त्या रविवारी मैत्रिणीनं मला मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथातलं एक वाक्य वाचून दाखवलं. पाऊस पिकांच्या कामाचा आला पण झाडांच्या कामाचा नाही, झाडांच्या कामाचा आला पण पिकांच्या नाही, किंवा दोन्हींना पुरला पण टाक्या-विहिरी भरल्या नाहीत, तर ताबडतोब शिंग फुंका, म्हणजे संकटाची हाक द्या. मी तिला तेच वाक्य तीनदा वाचायला लावलं.

ही मैत्रीण ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंपैकी. पुण्याच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. तिचं आजोळ अलिबागकडचं. घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही फोनवर वाचायला लागलो. त्यांच्याकडे दोघांनी मिळून अभ्यास करायची पद्धत आहे, हवरुता म्हणतात. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं अडवायचं. ती हिब्रू अडखळत वाचते, मराठीत सांगते, आणि मी शेतकऱ्याच्या घरातले प्रश्न विचारते.

आम्ही धरलेला भाग 'तआनीत', म्हणजे उपवास. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नातले चार अध्याय, आणि त्यांतला बराचसा भाग पावसाचा. पाऊस कधी मागायचा याचाही त्यात विचार आहे. सण आटोपून यात्रेकरू जेरुसलेमहून परत निघतात, त्यांतला शेवटचा माणूस फरात नदीपर्यंत पोचावा म्हणून सणानंतर पंधरा दिवस पाऊस मागायचाच नाही. वारकरी घरी पोचेस्तोवर ढगांना थोपवून धरायचं, असंच की हे! मला त्या माणसांबद्दल फार माया वाटली.

पुढे होनी नावाच्या माणसाची गोष्ट येते. दुष्काळात तो जमिनीवर वर्तुळ आखून आत उभा राहतो आणि पाऊस पडल्याशिवाय हलणार नाही म्हणतो. आधी नुसते थेंब पडतात. हा नको, विहिरी भरणारा दे. मग झोडपणारा येतो. हाही नको, आशीर्वादाचा दे. तोही येतो, पण थांबेचना. लोक शहर सोडून मंदिराच्या टेकडीवर चढतात आणि त्यालाच विनवतात, आता थांबव बाबा. यावर मिश्नाचा नियम असा की सगळ्या संकटांसाठी शिंग फुंकावं, अतिवृष्टी सोडून. मी लगेच अडवलं. सांगलीत आमच्या गावभागात येऊन सांगा म्हटलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. आमच्या माजघरात कोनाड्याच्या वर चार बोटं पाणी होतं, ती रेघ अजून दिसते. मैत्रीण म्हणाली, थांब, तलमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या नंतरच्या चर्चेत, याचं उत्तर आहे. बाबिलोनिया म्हणजे दोन नद्यांमधला सखल मुलूख, तिथं अतिवृष्टीसाठीही शिंग फुंकायचं. पाऊस फार झाला की मंदिरात पाळीवर असलेले लोक निरोप धाडायचे: दूरदेशीच्या आपल्या भावांवर लक्ष ठेवा, त्यांची घरं त्यांच्या कबरी होऊ नयेत. मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "पुढं वाचू का?"

हवा एक अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. म्हणून पाऊस दडी मारतो तेव्हा लांबतो आणि येतो तेव्हा कोसळतो. हे मला माहीत होतं. पण आपण पाऊस मोजतो जिल्ह्याच्या सरासरीत, आणि सरासरीत भावाची बाग दिसत नाही, शाळू दिसत नाही, माझा कोनाडाही दिसत नाही. पाऊस कुणाच्या कामाचा, कुठल्या गावाचा, हे ती जुनी माणसं एकेक करून विचारत होती. हवामानबदलावर मी वाचलेल्या कुठल्याही अहवालापेक्षा मला हे जवळचं वाटलं.

तिसऱ्या अध्यायात आणखी एक नियम आहे. एकाच गावावर पाऊस पडला नाही, तर त्या गावानं उपास करायचा आणि शिंग फुंकायचं. भोवतालच्या गावांनी शिंग फुंकायचं नाही, पण उपास करायचा. रब्बी अकिवा, म्हणजे त्या काळचे एक धर्मपंडित, उलट म्हणतात: शिंग फुंका, उपास नको. भाष्यकार कारण देतात की कोरड्या गावचे लोक धान्य घ्यायला शेजारीच येणार, तेव्हा टंचाई तिथंही पोचणार. मैत्रीण अकिवांच्या बाजूची. मी उपासाच्या बाजूची, आणि त्याला कारण आहे.

२०१९ च्या त्याच आठवड्यात, इकडे आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो होतो तेव्हा जतमध्ये टँकर चालू होते. पाणी उतरल्यावर पिकअपमधून भाकऱ्या आल्या, माहेरच्या गावानं घरोघरी थापलेल्या, सोबत शेंगदाण्याची चटणी. वहिनीनं नंतर सहज बोलता बोलता सांगितलं, त्या दिवशी गावात टँकरची एकच खेप झाली होती. त्या भाकऱ्यांचं पीठ त्याच पाण्यात मळलं होतं.