सेस्ट्रेल होकायंत्र, नोंद ३ : तबकडी दक्षिणेला झुकली

खरेदीआधी नाव वाचा. 'केल्व्हिन अँड ह्यूज, लंडन, १९१७' असं कोरलेलं असलं तर पाकीट बंद. त्या दोन घराण्यांचं विलीनीकरण १९४७ चं, त्यामुळे १९१७ मध्ये हे नावच नव्हतं. 'अलंगच्या (गुजरातमधला जहाजं मोडण्याचा किनारा) जहाजातलं' म्हणून गळ्यात मारला जाणारा हा नेहमीचा माल. हाती असलेलं यंत्र सेस्ट्रेल, म्हणजे बार्किंगच्या हेन्री ब्राउन अँड सन यांचं.

काचेच्या कडीचे स्क्रू ४ बीए (जुनं ब्रिटिश माप) निघाले : व्यास ३.६ मिमी, आट्यांचं अंतर ०.६६ मिमी. 'हाच बसेल' म्हणून मिळणारा मेट्रिक एम ३.५ दोन फेरे जातो आणि मग पितळेचे आटे खातो. शेवटी ४ बीएची डाय (आटे पाडायचं हत्यार) आणून पितळी सळीवर आटे पाडले. लोखंडी स्क्रू इथे नकोच, तो तबकडी ओढतो.

वाटीत तबकडी ज्यात तरंगते तो द्रव कोणता? जुन्याचा थेंब पाण्यात टाकला तर विरघळला, म्हणजे स्पिरिटवालं. तेल असतं तर तरंगलं असतं. बडोद्यात शुद्ध इथेनॉल परवान्याशिवाय मिळायचं नाही, म्हणून ४० भाग आयसोप्रोपिल आणि ६० भाग डिस्टिल्ड वॉटर. आधी तबकडीच्या मागच्या कडेवर थेंब ठेवून रंग सुटत नाही ना ते पाहिलं. पाणी उकळून गार केलं तरच त्यातली हवा जाते, नाहीतर दुसऱ्या दिवशी वाटाण्याएवढा बुडबुडा हजर. ३८० मिली लागलं.

भरल्यावर तबकडीची दक्षिण कड साधारण ३ अंश खाली. संशय पिव्हटवर, म्हणजे तबकडी ज्या टोकावर मण्याने टेकते त्यावर गेला. चुंबकाने तबकडी २० अंश फिरवून सोडली : दोन्ही बाजूंनी अर्ध्या अंशाच्या आत परतली. टोक बोथट किंवा मणी तडकलेला असता तर मध्येच अडली असती. दोष पिव्हटचा नाहीच. लंडनला चुंबकीय नती (पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र क्षितिजाखाली किती झुकतं तो कोन) ६६ अंशांच्या आसपास, त्यामुळे सुईचं उत्तर टोक जोरात खाली ओढलं जातं, आणि कारखान्यात तोल साधायला दक्षिणेला वजन लावतात. इथे नती ३३ च्या आसपास. खालची ओढ जवळपास निम्मी, वजन मात्र तेवढंच.

वाटी परत उघडून तबकडीखालच्या पितळी वजनातून कानशीने थोडं थोडं काढलं, दर वेळी साध्या पाण्यात तरंगवून तोल पाहिला. त्याऐवजी उत्तरेला वजनासाठी तार जोडायची झाल्यास लाखेने चिकटवू नका, स्पिरिटमध्ये सुटते. तोल हा द्रव भरण्याआधीच बघायचा, इथेच क्रम चुकला होता आणि ३८० मिली वाया गेलं.

रबरी वायसर अजून जुनाच आहे, कडीखाली घामासारखे थेंब दिसताहेत.