एका पैशाचा फरक

३० जून २०१७, शुक्रवारची रात्र. कॅन्टीनमधल्या टीव्हीवर संसदेच्या सेंट्रल हॉलमधला जीएसटीचा समारंभ चालू होता आणि आम्ही हिंजवडीच्या ऑफिसात गार झालेले वडापाव पुढ्यात घेऊन बसलो होतो. पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या एका डिस्ट्रिब्युटरचं बिलिंगचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. बाराला व्हॅट बंद, जीएसटी चालू. मुदत वाढवून मागणार कुणाकडे? तारीख सरकारची!

सव्वाबाराला पहिलं बिल टाकलं. बिल निघालं, पण खात्यात पोस्ट होईना. जमा-नावेत एका पैशाचा फरक. दुसरं गेलं, तिसरं पुन्हा अडकलं. डेव्हलपर म्हणे डेटाबेस बघा, डेटाबेसवाला म्हणे कोड बघा. मी टीम लीड, दोघांवर ओरडत होतो. तासभर हेच.

शेवटी टेस्टिंगची मुलगी, नोकरीला लागून जेमतेम पाच महिने झालेली, हळूच म्हणाली, "सर, ४७.५० टाकून बघा."

४७.५० वर १८ टक्के म्हणजे ८.५५. पण विक्री राज्यातल्या राज्यात असली की कर दोन भागांत, ९ टक्के केंद्राचा, ९ राज्याचा. प्रत्येकी ४.२७५, राउंड होऊन ४.२८. बेरीज ८.५६. कराचे पैसे विषम आले की बिल अडकणारच.

"तुला कधी कळलं हे?"

ती गप्प. शेजारच्याने बग शीट, म्हणजे सापडलेल्या चुकांची यादी, उघडून स्क्रीन माझ्याकडे वळवली. २२ जूनची नोंद, तिच्या नावाची. खाली माझा शेरा: 'एका पैशासाठी वेळ नाही. क्लोज्ड.'

मग त्या सकाळचं स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, आठवलं. ती सांगू लागली, तेव्हा मी मनगटावरचं घड्याळ दाखवलं होतं. सगळे हसले होते. त्यानंतर ती रोज 'ऑल ओके' एवढंच म्हणायची, आणि खरं सांगतो, मला ते बरंच वाटायचं.

दुरुस्ती किरकोळ होती. एकूण कर वेगळा काढायचा नाही, दोन भागांची बेरीज घ्यायची. डेव्हलपर खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला. ती वहीतून आकडे सांगत गेली, तो चालवत गेला. ९९.५०, गेलं. त्या वहीत दोन पानं भरून उदाहरणं होती. मी चहा आणायला उठलो, दुसरं काही काम मला उरलंच नव्हतं.

परत येऊन ती नोंद रीओपन केली. कारणाच्या रकान्यात 'लीडची चूक' असं टाइप केलं.

"सर, राउंडिंग लिहा," डेव्हलपर म्हणाला. "ही शीट क्लायंटलाही दिसते."