बर्लिनच्या चौथ्या मजल्यावर जोर-बैठका

डिसेंबरात बर्लिनला चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. ऑफिसातून बाहेर पडावं तर मिट्ट काळोख आणि वर रिपरिप पाऊस. जिम लावायची तर बऱ्याच ठिकाणी वर्षभराचा करार. तेव्हा घरीच ‘टोटल बॉडी स्ट्रेंथ’चा अर्ध्या तासाचा व्हिडिओ लावायचा, असं ठरलं.

व्हिडिओतली बाई म्हणते, दोन डंबेल्स घ्या. आमच्याकडे कुठले डंबेल्स? पण इथे मैदा एक-एक किलोच्या कागदी पाकिटांत मिळतो. लॅपटॉपच्या जुन्या सॅकमध्ये आठ पाकिटं भरली, प्रत्येक पाकीट आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून (नाहीतर सॅकची कणीक होईल). वजन वाढवायचं झालं की एक पाकीट वाढवायचं. फक्त ते शनिवारीच आणून ठेवायचं, कारण रविवारी दुकानं बंद.

खरा प्रश्न आवाजाचा. जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा ‘रुहेत्साइट’, म्हणजे शांततेची वेळ, आणि रविवारी तर दिवसभर. आमची इमारत जुनी, लाकडी जमिनीची. वॉर्मअपच्या उड्या मारल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी खालच्या आजींनी जिन्यात गाठून अगदी सभ्यपणे विचारलं, ‘काल तुमचं कपाट पडलं का हो?’

मग उड्या काढून टाकल्या आणि सगळं सावकाश करायला घेतलं. तीन आकडे मोजत खाली जायचं, खाली क्षणभर थांबायचं, मग वर यायचं. यात स्नायूवरचा ताण जास्त वेळ टिकतो, म्हणून कमी वजनातही घाम फुटतो. खालच्या आजी खूश, माझ्या मांड्या मात्र नाहीत.

मी अमरावतीची, त्यामुळे बैठका काही नव्या नाहीत. पण आखाड्यातली बैठक वेगळी. तिथे टाचा उचलतात, हात झोकात मागे-पुढे जातात, लय सापडली की शंभर-शंभर होऊन जातात. त्यात दम वाढतो. इथे टाचा जमिनीला चिकटलेल्या, पाठीवर मैदा, आणि दहा-बाराच करायच्या. पण शेवटच्या दोन निघता निघत नाहीत. ताकद वाढवायची ती याने. दहा-बारा सहज जमायला लागल्या की आकडा नाही, वजन वाढवायचं.

सगळ्यात अवघड गेला तो डेडलिफ्ट. सॅक दोन्ही हातांत धरून वाकायचं, पण पाठ सरळ ठेवून, खुब्यातून, कुल्ले मागे ढकलत. आपली सवय केर काढायची, म्हणजे पाठ गोल करून कंबरेतून वाकायचं. मी भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभी राहिले आणि कुल्ल्यांनी भिंतीला टेकायचा सराव केला, तेव्हा कुठे ताण कंबरेतून निघून मांडीच्या मागे गेला. अशा व्हिडिओंत ढकलायचे (जोरांसारखे) व्यायाम भरपूर आणि ओढायचे जवळजवळ नसतात, हा मात्र मोठा दोष. दिवसभर लॅपटॉपपुढे पोक काढून बसणाऱ्यांना ओढायचेच जास्त हवेत. मी वाकून सॅक पोटाकडे ओढायचे दोन सेट आपले आपण घातले.

दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि तिसऱ्या दिवशी कळस गाठतं. त्यात आमच्याकडे लिफ्ट नाही. चढताना काही वाटत नाही, उतरताना मात्र कठड्याला लटकत एकेक पायरी, कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी तीन दिवस करते, मध्ये एकेक दिवस सोडून.

आणि हो, व्यायामासाठी हे शहर तसं ऐतिहासिक आहे. इथल्या हाझेनहाइडे बागेत, जर्मन जिम्नॅस्टिक्सचे जनक मानले जाणारे फ्रीडरिश लुडविग यान यांनी 1811 मध्ये उघड्यावरची व्यायामशाळा सुरू केली. आणि 1936 च्या ऑलिम्पिकच्या वेळी आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने याच बर्लिनमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. हे मी खालच्या आजींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पण तळमजल्यावर ना?’